घरातला संगणक उघडताना

शीळफाट्यावर बसची वाट पाहत ज्याने पंधरा मिनिटे काढली आहेत, त्याला एक दृश्य चांगले ठाऊक असते. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कल्याणकडून येणारा रस्ता येथे एकमेकांना मिळतात. महापेकडची वाहतूकही याच परिसरात येऊन मिसळते. आणि न्हावाशेव्याच्या बंदरातून भिवंडीकडे निघालेले कंटेनर रात्रंदिवस या फाट्यावरून जात असतात. त्यांतला एखादा रस्त्याच्या कडेला बंद पडतो. चालक खाली उतरतो, क्लीनर पान्यांची पिशवी काढतो, आणि दोघे मिळून त्या अजस्र यंत्राच्या पोटात शिरतात. तास-अर्ध्या तासात गाडी पुन्हा सुरू झालेली आपण कितीदा तरी पाहिली आहे. त्या दोघांपैकी कोणीही अभियांत्रिकीची पदवी घेतलेली नसते.

याच फाट्याच्या आसपास घराघरांत आज संगणक आहे. तो बंद पडला म्हणजे मात्र आपण हात टेकतो. ‘उडाला’ एवढाच एक शब्द उच्चारून त्याला दुकानात नेतो, नाही तर पलंगाखाली सरकवतो. आपण कला शाखेची मंडळी तर या बाबतीत फारच भित्री. ते काम विज्ञानवाल्यांचे, असे आपण गृहीत धरलेले असते. मीही असेच धरले होते. दीड वर्षापूर्वी नाइलाजाने मला माझ्या घरचा संगणक उघडावा लागला, आणि तेव्हा जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाइलाज कसला, ते आधी सांगितले पाहिजे. प्रथम वर्षाला असताना मी प्रकल्पासाठी आमच्याकडच्या लग्नातील धवल्यांचा विषय घेतला होता. आगरी समाजात लग्नाच्या एकेका विधीच्या वेळी धवले गाणाऱ्या स्त्रीला धवलारीण म्हणतात. माझी आजी धवलारीण होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. जे होते ते सारे मुखोद्गत होते. मी मोबाइलवर तिची चौदा ध्वनिमुद्रणे केली, ती घरच्या संगणकावर उतरवली, आणि मोबाइल भरला म्हणून त्यातली पुसून टाकली. प्रकल्प पुरा झाला. २०२४ च्या एप्रिलमध्ये आजी गेली. त्याच वर्षीच्या जुलैत संगणक आजारी पडला, तेव्हा माझ्या ध्यानात आले की आजीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला आहे, आणि ते ठिकाण म्हणजे हा कुरकुरणारा डबा.

जवळच्या एका दुकानात नेला, तर दुकानदाराने झाकण न काढताच निदान केले : “दहा वर्षांचा झालाय, नवीन घ्या. नाही तर सगळे पुसून विंडोज पुन्हा टाकून देतो.” नव्याचा आकडा त्याने बत्तीस हजार सांगितला. त्यातल्या ‘सगळे पुसून’ या दोन शब्दांनी माझ्या पोटात गोळा आला. मी संगणक रिक्षात घालून परत आणला. आमच्या बाबांचा टेम्पो आहे. ते म्हणाले, “गाडी बंद पडली तर मी आधी बॉनेट उघडतो, मग मेकॅनिकला फोन करतो. तू निदान झाकण तरी काढून बघ.”

झाकण काढण्यापूर्वी आत काय असते, ते थोडक्यात पाहू. यासाठी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे उदाहरण पुरेसे आहे. प्रोसेसर म्हणजे अभ्यास करणारा वाचक. रॅम म्हणजे त्याच्यासमोरचे टेबल. सध्या लागणारी पुस्तके तेवढी त्यावर पसरलेली असतात आणि ग्रंथालय बंद झाले की टेबल रिकामे होते. हार्ड डिस्क म्हणजे मागची कपाटे. तेथली पुस्तके वीज गेली तरी जागच्या जागी राहतात. मदरबोर्ड म्हणजे या सर्वांना जोडणारी इमारत. आणि एसएमपीएस हा डबा भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे घास करून प्रत्येकाला भरवतो. वाचक कितीही हुशार असला तरी टेबल लहान असेल, तर त्याला सारखे उठून पुस्तक ठेवावे आणि दुसरे आणावे लागते. आपण ज्याला ‘संगणक अडकतो’ म्हणतो, तो पुष्कळदा हाच प्रकार असतो.

आमचा संगणक २०१४ साली ताईच्या शिक्षणासाठी सुटे भाग जोडून घेतलेला. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. मी एक वही घेतली आणि त्याच्या तक्रारी, डॉक्टर लिहून घेतात तशा, लिहून काढल्या. पहिली : कधी कधी बटण दाबले की पंखा फिरतो, बीप-बीप असा आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो. दुसरी : सुरू झालाच तर तारीख भलतीच, दहा वर्षांपूर्वीची दाखवतो. तिसरी : अर्धा तास चालला की आपोआप बंद होतो. चौथी : सुरू व्हायला सात मिनिटे घेतो. पाचवी : आतून अधूनमधून टक्-टक् असा आवाज येतो. मला वाटले होते की हा एक मोठा रोग आहे. वहीत लिहिल्यावर दिसले, की हे पाच निरनिराळे आजार असू शकतात. दुरुस्तीचे अर्धे काम त्या पानावरच झाले, असे आज मला वाटते.

आता हत्यारे. एक चार धारांचा स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा एक नवा कोरा ब्रश, मऊ पांढरे खोडरबर, टॉर्च, आणि फोटो काढण्यासाठी मोबाइल. काहीही सुटे करण्याआधी त्याचा फोटो काढावा, म्हणजे कोणती वायर कोठे होती याची पंचाईत होत नाही. स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत. सुरुवातीला संगणक बंद करून वायर भिंतीतून पूर्ण काढावी, मग चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज खर्ची पडते. सुटे भाग हाताळण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. आपल्या अंगावर साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही. पण नाजूक चिप तिने मरू शकते.

एक गोष्ट मात्र कधीही उघडू नये, ती म्हणजे एसएमपीएस. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर तिचे रूपांतर होऊन एका धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, सुमारे ३२५ व्होल्टचा साठा होतो, आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. तो भाग बिघडला तर सगळाच्या सगळा बदलावा. आणखी एक अनुभव पुष्कळांना असेल : कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. बहुधा घरात अर्थिंग नसल्याचे ते लक्षण असते. एसएमपीएसमधील गाळणी थोडीशी गळती कॅबिनेटवर आणून सोडते. तिने तिसऱ्या पिनेतून जमिनीत जावे अशी योजना असते. जमिनीची वाटच नसेल, तर ती आपल्या शरीरातून वाट शोधते. आमच्याकडे नेमके हेच होते. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतले, आणि झिणझिण्या थांबल्या. हे काम स्वतः करू नये.

झाकण काढले आणि पहिल्यांदा दिसली ती धूळ. आमच्या फाट्यावरची धूळ ही एक स्वतंत्र शक्ती आहे. अवजड वाहने, रुंद होणारे रस्ते, उड्डाणपुलांची कामे. त्यात मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदाही शीळफाट्यालाच बाहेर पडायचा आहे. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो. प्रोसेसरची उष्णता त्या पात्यांत येते आणि वरचा पंखा ती उडवून लावतो. आमच्या ठोकळ्याच्या पात्यांमध्ये गोधडीच्या कापसासारखा थर बसला होता. पंखा बिचारा त्या गोधडीवर वारा घालत होता.

तिसऱ्या तक्रारीचे उत्तर येथेच मिळाले. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही ताप उतरला नाही तर जीव वाचवण्यासाठी संगणक बंद होतो. म्हणजे ज्याला आपण बिघाड म्हणतो, ती वास्तविक त्याची आत्मरक्षणाची सोय असते. पंखा ठोकळ्यासह काढला. इंटेलच्या या जुन्या पंख्याला प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात. त्या पाव वळसा फिरवून वर ओढायच्या. ब्रशने धूळ झाडली. झाडताना किंवा फुंकर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, ती गरगर फिरू देऊ नयेत. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते. दहा वर्षांत ती सुकून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने ती पुसली आणि तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवून ठोकळा बसवला. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. उलट ती बाहेर ओघळते. आधी तापमान ९५ अंश सेल्सियसपर्यंत चढत असे, ते आता ६० च्या आसपास राहू लागले. खर्च दीडशे रुपये.

पहिली तक्रार, म्हणजे काळा पडदा आणि बीप. संगणक सुरू होताना आपल्या अवयवांची हजेरी घेतो, आणि पडदा चालू होण्याआधीच कोणी गैरहजर असेल तर त्याला बोलता येत नाही, म्हणून तो बीप वाजवतो. किती बीप म्हणजे कोणाची गैरहजेरी, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते. आमच्याकडे रॅमने हजेरी दिली नव्हती. पावसाळ्याच्या दमट हवेत धूळ ओलसर होते आणि रॅमच्या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो. पट्टीच्या दोन्ही टोकांचे खटके दाबून ती बाहेर काढली, दात खोडरबराने हलकेच पुसले, रबराचे कण झाडले, आणि ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत पट्टी पुन्हा दाबून बसवली. पडदा उजळला. येथे एक नियम सांगतो, जो मला पुढे फार उपयोगी पडला : एका वेळी एकच बदल करावा आणि मग संगणक चालू करून पाहावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर आनंद होतो, पण दोष कोणाचा होता ते कायमचे गुलदस्त्यात राहते.

दुसरी तक्रार सर्वांत सोपी निघाली. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. त्यावर ‘२०३२’ असा आकडा असतो. ते साल नव्हे, माप आहे : व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. तो ३ व्होल्टचा सेल संपला की संगणकाला काळाचे भान राहत नाही. तारीख चुकली की इंटरनेटवरची बँकेची किंवा विद्यापीठाची पानेही उघडेनाशी होतात, कारण त्यांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांची मुदत संगणक स्वतःच्या घड्याळावरून तपासतो. चाळीस रुपयांत हा प्रश्न मिटला.

एव्हाना मी स्वतःवर भलताच खूश होतो. आणि येथेच माझी चूक झाली. पाच तक्रारींपैकी पाचवी, म्हणजे ती टक्-टक्, मी शेवटी ठेवली होती. वास्तविक ती पहिली घ्यायला हवी होती. मधल्या चार दिवसांत मी तो संगणक तीस-चाळीस वेळा तरी चालू-बंद केला असेल. ज्या पुस्तकाचे पान गळत आहे, ते पुस्तक बाजूला ठेवण्याऐवजी मी ते प्रत्येकाला चाळायला देत होतो.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या चकत्या असतात. आमच्या डिस्कमधील चकत्या मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेतात. त्यांच्यावरून एक चिमुकली भुजा इकडून तिकडे फिरते आणि चुंबकीय खुणा वाचते. हवा असलेला मजकूर भुजेखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. भुजेला योग्य जागी सरकायला आणखी काही मिलिसेकंद लागतात. एकेक पुस्तक असे आणायचे, तर सेकंदाला शंभराच्या आतच खेपा होतात. संगणक सुरू होताना हजारो लहान-लहान फायली लागतात. सात मिनिटांचा हिशोब हा असा आहे. आणि टक्-टक् म्हणजे भुजेला आपली जागा सापडत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा मूळपदावर जाते, त्याचा आवाज.

अशी डिस्क घरी उघडू नये. भुजा आणि चकती यांच्यातील अंतर इतके सूक्ष्म असते, की धुळीचा एक कणही तेथे डोंगरासारखा आडवा येतो. अशा डिस्कवर विंडोजची ‘दुरुस्ती’ चालवू नये, काही नवे लिहू नये, आणि ‘फॉरमॅट’ हा शब्द तर उच्चारूही नये. पहिले कर्तव्य एकच : जे वाचते ते दुसरीकडे उतरवून घेणे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते; तिला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. ती नोंद दाखवणारी साधने विनामूल्य मिळतात. आमच्या डिस्कच्या नोंदीत वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा रोज वाढत होता.

एका मित्राच्या लॅपटॉपवरून मी पेन ड्राइव्हवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली उतरवली. तिची गंमत अशी, की हार्ड डिस्कला हात न लावता संगणक थेट पेन ड्राइव्हवरून सुरू करता येतो. त्यात ‘डीडीरेस्क्यू’ नावाचे साधन चालवले. ते शहाण्या लेखनिकासारखे वागते. आधी जी पाने सहज वाचता येतात ती सर्व उतरवून घेते. जेथे अक्षर लागत नाही तेथे अडून न बसता जागा मोकळी सोडते. आणि सर्व झाल्यावर त्या मोकळ्या जागांकडे परत वळते. उसनी आणलेली बाहेरची डिस्क जोडून रात्री नऊ वाजता ते सुरू केले. सकाळपर्यंत चालले होते. मीही जागाच होतो.

चौदापैकी तेरा ध्वनिमुद्रणे धड आली. चौदाव्यात मध्येच काही क्षण शांतता आहे. तेथल्या दोन-तीन ओळी गेल्या. त्या मी प्रकल्पाच्या वहीतही उतरवल्या नव्हत्या. त्या ओळी येणारे दुसरे कोणी गावात आहे का, हे मी अजून विचारत फिरतो आहे.

आपण मराठीचे विद्यार्थी. आपले जुने वाङ्मय टिकले ते एकाच प्रतीवर नव्हे. मठामठांत आणि घराघरांत नकला होत राहिल्या म्हणून टिकले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती प्रती उपलब्ध होत्या म्हणूनच. हे मी परीक्षेत लिहिले होते आणि गुणही मिळवले होते. स्वतःच्या आजीच्या बाबतीत मात्र एकाच प्रतीवर विसंबलो. आता तीन प्रती आहेत : एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक ताईच्या घरी डोंबिवलीला. दोन प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर चोर किंवा पाणी दोन्ही एकदमच नेते. म्हणून तिसरी घराबाहेर असावी.

दुरुस्तीनंतर आता सुधारणा. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी घ्यायची ठरवली. तिच्यात चकती नाही, भुजा नाही, फिरणारे काहीच नाही. मजकूर चिपमध्ये साठवलेला असतो, त्यामुळे तो शोधायला मिलिसेकंदाचाही लहानसा अंश पुरतो. शिवाय टेबल मोठे करण्यासाठी रॅमची आणखी एक पट्टी. खरेदीसाठी दिव्याहून लोकल पकडून दादरला उतरलो, तेथे गाडी बदलून ग्रँट रोड. स्टेशनजवळचा हा लॅमिंग्टन रोड इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जुना बाजार आहे. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनचे नाव लोकांच्या तोंडून अजून गेलेले नाही.

जाण्यापूर्वी आपल्या मदरबोर्डचा क्रमांक वहीत लिहून न्यावा. आमचा मदरबोर्ड डीडीआर-३ जातीची रॅम घेतो. डीडीआर-४ जातीची पट्टी दिसायला तशीच, पण तिची खाच वेगळ्या जागी असते आणि पिनाही २४० ऐवजी २८८ असतात. ती या खाचेत बसतच नाही, जोर केल्यास मोडेल. लॅपटॉपच्या पट्ट्या आखूड असतात, त्या वेगळ्या. नवी वस्तू घेताना पावती आणि हमीची मुदत पाहावी. जुनी घेताना दुकानातच लावून दाखवायला सांगावे. माझा त्या वेळचा हिशोब असा : एसएसडी १,७००, वापरलेली ४ जीबी रॅम ५००, पेस्ट १५०, सेल ४०, जोडणीची केबल ८०, एकूण २,४७० रुपये. भाव सतत बदलतात, तेव्हा हे आकडे प्रमाण मानू नयेत. बत्तीस हजारांशी तुलना करण्यापुरते ते दिले आहेत. सात मिनिटांचे काम आता अर्ध्या मिनिटाच्या आत होते.

ती रॅमची पट्टी खिशात घेऊन परतताना मला सहज आठवले, की भारतात बनलेला ‘टिफ्रॅक’ हा आरंभीचा संगणक याच मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली पूर्ण झाला. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे आजच्या भाषेत १० केबी. माझ्या खिशातली पाचशे रुपयांची जुनी पट्टी त्याच्या चार लाख पटींहून मोठी होती. पण टिफ्रॅक ज्यांनी बांधला, त्यांना त्याचा प्रत्येक भाग ठाऊक होता. आपल्याला आपल्या पट्टीची जात कोणती हेही माहीत नसते.

एक अडचण पुढे आली. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी ‘टीपीएम २.०’ ही सोय लागते. आमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. म्हणजे यंत्र ठणठणीत असूनही कागदोपत्री म्हातारे ठरले. मी त्यावर लिनक्स मिंट टाकली. लेखन, इंटरनेट, ध्वनिमुद्रणे, सगळे चालते. इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठीही लिहिता येते. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली केली आहे, तीही विनामूल्य आहे. मात्र सर्वांना हे सोयीचे नाही. ज्यांना एखादे विशिष्ट विंडोजचेच साधन लागते, त्यांनी आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावी. आणखी एक सावधगिरी : घरात युनिकोडपूर्वीच्या टंकांत टंकलेले जुने मराठी लेख असतील, तर प्रणाली बदलण्यापूर्वी ते टंकही जपून ठेवावेत. टंक गेला की त्या फायलीत इंग्रजी अक्षरांची खिचडी तेवढी उरते.

कोठे थांबावे, हेही कळले पाहिजे. मदरबोर्डच जळला असेल, त्यावरचे कपॅसिटर फुगून त्यांचे डोके वर आले असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च चांगल्या वापरलेल्या संगणकाच्या निम्म्यावर जात असेल, तर मोह सोडावा. पण त्याला रस्त्यावर टाकू नये. आपल्या फाट्याच्या दोन्ही बाजूंना भंगाराची गोदामे आहेत, आणि वायरी जाळल्याचा काळा धूर आपण सर्वांनीच हुंगला आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे, असे ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’चा २०२४ चा अहवाल सांगतो. आपल्याकडे ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जायला हवा. आणि डिस्क देताना त्यावरची आईची बँकेची कागदपत्रे पुसायला विसरू नये.

हे सर्व वाचून कोणी उद्याच झाकण काढावे, असा माझा आग्रह नाही. पण एक काम आज रात्री सर्वांनाच करता येईल. आपल्या संगणकात किंवा मोबाइलमध्ये अशी कोणती गोष्ट आहे, की जिची दुसरी प्रत नाही? तिची एक प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवा. झाकण त्यानंतर काढा. आणि काढताना भीती वाटली, तर तृतीय वर्षाच्या वर्गात मला येऊन भेटा. स्क्रू ड्रायव्हर माझ्या दप्तरातच असतो. खोडरबर मात्र ज्याचे त्याने आणावे.

(तृतीय वर्ष कला)